भिंतीपासून तीन वीत

लग्नात माझ्या बॉक्सांची भिंत असते.
आठ बेस, चार टॉप, एक जनरेटर,
आणि नवरदेवाच्या मित्रांचं एकच म्हणणं : अजून.
उमरगा, औसा, निलंगा, सगळीकडं अजून.
आवाज कुठं ठेवावा हे तिथं कुणी विचारत नाही.

घरात मात्र ही जोडी आणली.
पुण्याच्या एका डॉक्टरनं वापरलेली,
अक्रोडाच्या लाकडाची, कमरेएवढी,
तीन लगीनसराईंचे पैसे.
महानंदा म्हणाली, एवढ्या पैशात एवढासा आवाज?

खोली बारा बाय बारा,
पुनर्वसनात सगळ्यांना मिळाली तशीच.
गल्लीत चाळीस घरं, चाळीस चौकोन.
चौकोनी खोली आवाजाला वाईट :
समोरासमोरच्या भिंती एकच सूर धरून बसतात,
भावकीसारख्या, सोडत नाहीत.

मग टेप, सुतळी, पोरीच्या दप्तरातला खडू.
मागच्या भिंतीला वाकळ टांगली.
कोपऱ्यात ज्वारीची पोती रचली, घुमारा पोत्यात मुरतो,
हे मला कुणी शिकवलं नाही,
आडतीत उभा राहून बोलताना कळलं होतं.
बॉक्सांच्या पायांना टोकदार खिळे,
शहाबादीला ओरखडा नको म्हणून
प्रत्येक खिळ्याखाली दोनाचं नाणं. सोळा रुपये.
खुर्चीत बसून ऐकलं, बरं वाटलं.
पण आमच्यात खुर्चीत बसतं कोण?
मांडी घातली की गाणारी बाई डोक्यावरून गायची.
पुढची नाणी काढून मागं दुहेरी केली,
बॉक्स थोडे वाकले. हिशेब तेवढाच,
ओरखडा उठला तो उठलाच.

तिसऱ्या दिवशी बाई खाली आली.
दोन बॉक्सांच्या मध्ये, जिथं काहीच नाही,
फ्रीज आणि दाराच्या मधल्या रिकाम्या जागेत बसली.
गाण्याआधी तिनं श्वास घेतला, तोही ऐकू आला.
महानंदाचा हात पिठातच थांबला.
कोण आलंय? म्हणाली.

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं.
पण मी तो तुकडा लावला
ज्याच्या शेवटी एक खर्ज येतो,
कानाच्या खालचा, फरशीतून तळव्याला लागणारा.
तो भरघोस यावा म्हणून बॉक्स भिंतीला भिडवून ठेवले.
आला.
आधी मांडणीतल्या वाट्या बोलल्या,
मग सिद्रामप्पामामा ताटावरून उठले.
उष्ट्या हातानं, अनवाणी,
थेट बाहेर, रस्त्याच्या मध्यावर,
जिथं डोक्यावर काही नाही अशा जागी.

मी बंद केलं.
समोरच्या दारात चन्नवीरची आईही आली होती, पदर सावरत.
कुणी काही बोललं नाही.
जुनं गाव इथून दोन मैलांवर, बाभळींत.
मामी तिथं, मामांच्या दोन पोरी तिथं,
त्र्याण्णवची ती पहाट तिथं.

त्या रात्री बॉक्स एक वीत पुढं ओढले.
दुसऱ्या रात्री आणखी एक.
मामा उंबऱ्यात बसून ऐकायचे, एक पाय बाहेर.
मी वाट्यांकडं बघायचो, मग त्या पायाकडं.
टेपपेक्षा पाय खरा.

काय मोजलालास रे रोज?
बाईला बसायला जागा करलालो, मामा.
मग नीट कर की.

तिसऱ्या वितीला पाय आत आला.

आता बॉक्स जवळजवळ खोलीच्या मध्यात आहेत.
पाहुणे अडखळतात,
महानंदा खडूच्या खुणा सोडून फरशी पुसते.
लातूरहून अमजद आला, त्याला कान आहे.
डोळे मिटून तासभर ऐकलं.
म्हणाला, वरचं काम झकास, खर्ज तेवढा कमी पडतो.
म्हटलं, पडू दे.

उद्या मुरूमला लग्न आहे, आठही बेस लागतील.
पोरं नाचतील, अजून म्हणतील, मी वाढवीन,
पोट आहे.
फक्त अलीकडं मांडवाच्या मागं बघायची सवय लागली आहे,
रस्त्याच्या मध्यावर
कुणी अनवाणी उभं आहे का.