लेव्हल

मशीन मीच आणलं होतं इथं,
वागळे इस्टेटला, बाविसाव्या रोडवरच्या गाळ्यात.
सव्वाचार टन. शटरातून जाईना.
चेंदवणकर म्हणाले, फोडा भिंत,
पोरगं वाढलं की सदरा उसवायचाच.

फोडली. पाइपांचे रूळ, खाली ग्रीस,
पहारीला चार माणसं,
आणि नारळ घेऊन मालकीणबाई केव्हाच्या उभ्या.

दोन जुन्या लेथवरून थेट व्हीएमसी.
चाकणच्या कंपनीची ऑर्डर, महिन्याला आठ हजार बुश.
दुसरी पाळी लागली, तिसरी लागली.
रात्री दोनला तिथून गेलो तरी
शटरखालून उजेड
आणि कूलंटचा तो आंबूस वास.

काम नव्हतं म्हणून बुडाले नाहीत.
काम इतकं होतं की लोखंड उधारीवर आणायचं.
लोखंडवाला तीस दिवस थांबायचा,
कंपनी एकशेवीस दिवसांनी द्यायची,
मधले नव्वद दिवस चेंदवणकर स्वतः उभे राहायचे,
मग बाईंच्या पाटल्या उभ्या राहिल्या,
मग बँक उभी राहिली, दारात.

मला हिशेब कळत नाही, फट कळते.
मशीनच्या पायाखाली फट पडली
की आपण पत्र्याची शिम सारतो.
ते शिमच सारत राहिले.

आज काढलंही मीच.
बोल्टांना ग्रायंडर लावण्याआधी
सवयीनं टेबलावर लेव्हल ठेवली.
बुडबुडा बरोब्बर मधोमध.
चार वर्षं, तीन-तीन पाळ्या, केसभर हललं नव्हतं.
चेंदवणकरांना बोलावून दाखवलं.
वाकून पाहिलं त्यांनी,
चष्मा काढून परत पाहिलं,
म्हणाले, बसवलं होतंस चांगलं.

शटर मोठं झालेलं, म्हणून या खेपेला
काही फोडावं लागलं नाही.
वीस मिनिटांत ट्रेलरवर.
अंबरनाथच्या पार्टीनं लिलावात घेतलंय.
ज्यानं चालवलं तो इद्रिसच दोर आवळत होता.
कुठलं इन्सर्ट अजून चालेल, कुठलं गेलं,
तेही त्यानं पार्टीला सांगितलं, कुणी न विचारता.

निघताना मालकांनी खिशातून नऊशे काढले.
तेव्हाचे तुझे राहिले होते.
मी विसरलो होतो.
नाही, विसरलो नव्हतो.

ट्रेलर वळताना मागं पाहिलं,
ते उकिडवे बसून थापीनं
बोल्टांची भोकं बुजवत होते.
जमीन होती तशी करून द्यायची,
करारात लिहिलंय,
डिपॉझिट त्याच्यावर अडलंय.