दारातून

मणदूरच्या नाक्यावर वहीत नाव, गाडीचा नंबर.
'येण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं:
ओसाड गाव पाहणे.
शिपायानं ते दोनदा वाचलं, बोलला काही नाही.

पुढे धाकलू झोरे, कमरेला कोयता,
वनखात्यात रोजंदारीवर.
वय विचारलं तर "धरणाच्या आधीचा" एवढंच.

पाथरघोळ म्हणजे आता
कारवीत बुडालेली चाळीसेक जोती.
एका चिऱ्यावर डांबरानं लिहिलेलं ३७, मोजणीवाल्यांचं.
पायरीशी गव्याचं शेण, ओलं.
शाळेची एकच भिंत उभी, तिच्यावर रंगवलेला फळा,
आणि फळ्यावर गोगलगायीनं ओढलेली
एक लांब चकाकती ओळ
कुणी न पुसलेली.

मी फोटो काढत होतो.
रात्री इथं काही दिसतं का हो, मी विचारलं,
अर्धं हसत, जसं सगळेच विचारत असतील.

"देव नेला ट्रकात घालून," धाकलू म्हणाला,
"म्हसरं नेली. चुलीचं तीन दगड नेलं आयनं, पदरात बांधून.
गावाचं नावबी नेलं. तिकडं उसाच्या मधी
पाटी हाय, नवे पाथरघोळ.
भुतांची नावं यादीत नव्हती.
पिंपळावरच्याला प्लॉट कोण देणार?
ऱ्हायली हितंच.
पर माणूसच नाय तर भ्या दावायचं कुणाला?
कट्टाळून गेली असतील कुटंतरी."

मग एका जोत्यापाशी तो थांबला.
चपला काढल्या.
भिंत कुठेच नव्हती, चहूबाजूंनी रान,
तरी वळसा घालून तो पूर्वेला गेला,
दोन चिऱ्यांमधल्या रिकाम्या जागेत
खाली वाकला
(चौकट ठेंगणी असणार)
आणि आत आला.
बसला. जमिनीतल्या उखळात कुजलेली पानं
मुठीमुठीनं बाहेर काढू लागला,
दळणकांडण आजच असल्यासारखा.

मी तोवर जवळच्या बाजूनं सरळ चढून
मधोमध उभा होतो, बुटांसकट,
उजेड मोजत.

"पावणं," मान वर न करता तो म्हणाला,
"तुमी भिंतीतनं आलासा."

मी खाली उतरलो. बूट काढले.
पूर्वेला गेलो.
तिथं किती वाकायचं
ते मला ठाऊक नव्हतं.