एकतीस अंश

टेकडीचा उतार एकतीस अंशांचा आहे
हे मला जुलैत कळलं,
चाळीस वर्षं चढून-उतरून झाल्यावर.
तोवर तो नुसता उतार होता :
वर आमचं लाकडी घर, खाली केरिगन तळं आणि धक्का,
मधे एकशे बारा पायऱ्या.
त्यातली सदतिसावी डुगडुगायची.
पाहुणे तिच्यावर पाय टाकायचे आणि आम्ही ओरडायचो, सांभाळून,
नेहमी अर्धा क्षण उशिरा.

एप्रिलमध्ये डेल्बर्टच्या हृदयात नवी झडप बसवली.
तळ्यावरचा बर्फ तेव्हा तडकत होता.
डॉक्टर म्हणाली, पायऱ्या नकोत.
तो काही बोलला नाही.
मे गेला, जून गेला.
व्हरांड्यात बसून तो पाण्याकडे असा बघायचा
जसं बंद दुकानाच्या काचेला नाक लावलेलं पोर.

मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली.
ब्रेक, गिअर आणि उतार, तिघांशी माझं जुनं भांडण.
म्हटलं, करूच.

रेइनो कालिओ वेल्डिंगचं सामान घेऊन आला,
सोबत त्याच्या बायकोनं दिलेला वेलदोड्याचा पाव.
खडक गुलाबी, ग्रॅनाइटचा, अडेल.
पहिल्याच भोकाला त्यानं ड्रिलची दोन पाती खाल्ली.
"हा आपल्याला ओळख देत नाही," रेइनो म्हणाला.
"चाळीस वर्षं म्हणजे याच्यासाठी किती, सांग?"
आणि तिसरं पातं चढवलं.

रूळ, बंद पडलेल्या करवत-गिरणीचे.
विंच कोरी करकरीत, तिथं काटकसर केली नाही.
पोलादी दोर, बोटाएवढा जाड.
आणि आसन माझ्याच बसमधलं, भंगारातून सोडवलेलं, तिसऱ्या रांगेचं.
खाली कुणाचं तरी च्युइंगम अजून चिकटून आहे,
दगडासारखं.

डेल्बर्ट वरून सूचना द्यायचा.
तो बोल्ट उलटा बसलाय. बसला नव्हता.
दोर घासतोय. घासत होता.
दोन्ही वेळा मी त्याला शिव्या घातल्या.

चाचणीसाठी त्याचं वजन विचारलं.
"ब्याऐंशी," तो म्हणाला, छाती काढून.
मी तीस-तीस किलोची तीन सिमेंटची पोती पट्ट्यानं बांधली.
एकाहत्तर,
दवाखान्याच्या कागदावर मी वाचलं होतं.
माणूस इतका कमी होतो
घरातल्या घरात, रोज समोर बसून जेवताना?
पोती हळूहळू खाली गेली.
तो बघत राहिला. म्हणाला,
"यांच्यापेक्षा मी देखणा आहे."

पण बसायला तयार नाही. "मी काय टपाल आहे?"
ऑगस्टभर त्यातून टॉवेल गेले, बिअर गेली,
रेइनोची नातवंडं बारा-बारा वेळा गेली.
एकदा आमची कुत्री गेली
आणि महाराणीसारखी तोंड वर करून परत आली.
डेल्बर्ट व्हरांड्यातच.

मग सप्टेंबरात, मध्यरात्री, मोटर सुरू झाली.
शेजारची जागा रिकामी. गादी अजून ऊबदार.
खाली पोचायला नव्वद सेकंद लागतात.
मी मोजले, न उठता.
ठक्. खालचा स्विच.
मग काहीच नाही.
पलीकडच्या काठाला लून पक्षी एकदा ओरडला,
आणि पाणी फुटलं,
एका माणसाएवढं.

उठायला हवं होतं. कोणीही हेच सांगेल.
पण पोर बसमधून उतरलं
की आरशात बघत राहायचं असतं,
हाक मारायची नसते.
आणि इथं तर आरसाही नव्हता,
छत होतं, आणि छताची ती गाठाळ फळी.
दोनशे. तीनशे दहा.
मधे आकडा चुकला, कुठून तरी पुन्हा धरला.

मोटर.
वर येताना तिचा आवाज जरा जड,
ओल्या माणसाचं वजन धरून.

मी डोळे मिटून घेतले.
दार. फळ्यांवर पाण्याची पावलं.
मग पांघरुणात शिरून माझ्या पोटऱ्यांना चिकटले
दोन पाय, तळ्याच्या तळासारखे गार.

"झोपलीस?"
"हो," मी म्हटलं.