एसीचं पाणी

अजमानच्या शाळेत, केजी टू बी-च्या मागच्या भिंतीला
एसीच्या नळीखाली आम्ही बादली ठेवलीय.
निळी. आतून माझ्या मार्करची रेघ :
इथवर भरली की सांगायचं.

दर थोड्या वेळानं कुणीतरी उठतंच.
जूदला वाटतं, आत कुणीतरी रडतंय.
जेरिको म्हणतो, भिंतीला घाम आलाय.
मी सांगते, हे हवेतलं पाणी.
समुद्राची वाफ, आणि आपण सोडतो तो श्वास.
"माझापण?"
"तुझापण."
"शाहजहान अंकलचा?"
दारात फरशी पुसणारे शाहजहानभाई थांबतात.
"त्यांचापण."
मुझान बादलीवर ओणवी होऊन
कितीतरी वेळ आपला थेंब शोधत राहते.

आजचा धडा : आपण जगाचे नागरिक.
चित्रात पृथ्वीभोवती हात धरून उभी मुलं,
एकाच्याही कपाळाला घाम नाही.
माझ्या हजेरीपटात देशाचा रकाना –
सुदान, सीरिया, फिलिपिन्स, भारत, भारत, नेपाळ –
आणि त्याला लागूनच, व्हिसा कधी संपतो ती तारीख.
माझी स्वतःची, येत्या फेब्रुवारीत.

"नागरिक म्हणजे काय, मिस?" निहाल विचारतो.
मी फळ्यावर शब्द लिहिते, पुढे दोन टिंबं देते
आणि अडते.
मराठी, इंग्रजी, भाजीवाल्यापुरतं अरबी,
कशातच पाच वर्षांच्या मापाचं उत्तर नाही.
म्हणते, चला, पाणी घालायची वेळ झाली.

कुंपणाशी कडुनिंब, जेमतेम निहालच्या गुडघ्याला लागणारा.
बादली दोघांत एक. अर्धी जेरिकोच्या बुटात.
सांडलेलं वाळू इतक्या पटकन पिते
की सगळे ओरडायचं विसरून बघत राहतात.

मंगळवार. आज पाळी दोर्जेची.
दोर्जे गेल्या आठवड्यात गेला, बुधवारी, डबा खायच्या सुट्टीत.
वडील ऑफिसात सह्या करत होते,
तो रंगपेटी कुणाला द्यावी ते ठरवत होता.
मग कुणीच उचलेना.
मी तक्त्यावर त्याचं नाव खोडायला निघते.

"नको," मुझान म्हणते, "दोर्जेचा वार आहे."
"पण तो नाहीये ना इथे."
"वार आहे ना."
आणि दोन मग घालते. एक हळू, एक घाईत;
दोर्जे घाईतच घालायचा.

फळा पुसायला मी आत येते.
शब्द पुसते.
दोन टिंबं, एकाखाली एक, ठिबकल्यासारखी,
तेवढी राहू देते.