पाव गोळी

परभणी–जिंतूर, सकाळची सव्वासातची.
चामडी बॅगेत चिल्लर, फाटक्या नोटा,
आणि जुन्या तिकिटाच्या पुडीत अर्धी गोळी.

पहिल्यांदा झालं ते झरीच्या अलीकडं.
गाडी गच्च, दांड्याला हात,
आणि छातीत कुणी उखळात कांडायला लागलं.
बोटांत मुंगळे. वाटलं, मेले मी,
चालत्या गाडीत,
"बाई, माझे तीन रुपये राहिले" असं कुणी म्हणत असताना.

इसीजी चांगला निघाला. थायरॉइडही.
सासू म्हणाली, बाहेरचं बघून या.
डॉक्टर तोष्णीवालांनी चिठ्ठी लिहिली:
ही स्टेपनी आहे ताई.
स्टेपनीवर नांदेड गाठायचं नसतं.
खरं औषध दुसरं, त्याला महिना लागेल.

खोटं कशाला बोलू, त्या महिन्यात तिनंच वाचवलं.
घोटभर पाणी,
बोरी येईस्तोवर उखळ थांबायचं,
खिडकीबाहेर कापूस परत कापूस दिसायचा.

महिना सरला. स्टेपनी निघाली नाही.
झरीला अर्धी, जिंतूरला अर्धी,
परतीला एक, भीती येईल या भीतीनं.
चार तासांत उतरायची,
आणि उतरताना जास्तीचं काही अंगावर टाकून जायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी डेपोत हिशोब दिला.
रुपयाला रुपया जुळला.
फक्त दुसरी फेरी मला आठवेना.
मुनीरभाई म्हणाले, बोरीला एक म्हातारी उतरायची राहिली,
तुम्ही घंटीच मारली नाही,
पिशवी घेऊन मागं चालत गेली बिचारी.
तिचा चेहरा मी अजून शोधते. माझ्याकडं नाही तो.

त्या रात्री सगळी स्ट्रिप मोरीत रिकामी केली.
तिसऱ्या दिवशी चहा बशीत, बशी फरशीवर,
झोप नाही, भिंती अंगावर.
तोष्णीवाल पहिल्यांदा चिडले:
घाटात असा ब्रेक दाबतात का, विचारा तुमच्या मुनीरला.

आता ब्लेडनं कापते, देवळीपुढं, चष्मा लावून.
अर्धीची पाव. पंधरा दिवस तीच.
मग पावाचंही काहीतरी.
पाव नीट पडत नाही, चुरा होतो,
चुरा बोटानं टिपून चाटते, लाज वाटते.

धडधड येते अजून, झरीच्या अलीकडं, हमखास.
दांडा धरते, तिकिटं देते, घंटी दोनदा तपासते.

काल एका पोराला सुट्टे देताना
पाचच्या नाण्याला पांढरी पूड दिसली.
खाकी बाहीला पुसलं,
मग दिलं.