डावीकडून चौथे

नारायण पेठेतल्या छापखान्यात
संध्याकाळी सातपर्यंत पानं द्यायची होती
आणि वार्षिकांकातल्या अडतीस फोटोंखाली
अजून नुसती पांढरी पट्टी.

पहिल्या फोटोखाली मी लिहिलं:
'वृक्षारोपण करताना मान्यवर दिसत आहेत.'
खळदकर सरांनी 'दिसत आहेत' खोडलं.
'दिसतंय ते दिसतंच आहे, निमकर.'
मग 'मान्यवर' खोडलं.
'यांना बारशाला काही नाव ठेवलं असेल ना?'
उरलं 'वृक्षारोपण करताना'.
त्याच्याकडेही ते बराच वेळ बघत राहिले.
'झाड कसलं?'

सायकल काढून पुन्हा कॉलेजात गेले.
करंज होता.
पाच पानं शिल्लक, आळ्यात चहाचा कागदी कप.

परत आले तर सर अमृततुल्यच्या बाकावर.
'ज्या गावात चार शब्दांत
माणसाचा पुरता अपमान करता येतो,
त्या गावात तुला चौदा शब्दांत
त्याची ओळख करून देता येईना?'
चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

ओवेसचा एक फोटो सगळ्यांचा लाडका:
चारशे मीटरची शेवटची रेघ,
हर्षाली खैरे गुडघ्यांवर बसलेली,
ओंजळीत तोंड.
मी लिहिलं, 'पराभवाचे अश्रू'.
मला ते इतकं आवडलं
की वहीत सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून पाहिलं.
'तिला विचारलंस?' सर.

हर्षाली कॅन्टीनमध्ये सांबारात वडा बुडवत होती.
'अगं, फक्की गेली डोळ्यात!
आणि हरले कुठे? दुसरी आले की.'

मी ते दोन शब्द खोडले
तेव्हा जीव तुटला थोडा.
शब्दांसाठीच तुटला. तिच्यासाठी नाही.
हे नंतर लक्षात आलं, सायकलवर,
लकडी पुलाच्या सिग्नलला.

शेवटी राहिला गॅदरिंगचा फोटो.
डावीकडून: सरचिटणीस, प्राचार्य, पाहुण्या बाई,
आणि चौथा एक माणूस,
अर्धा पडद्यामागे, हातात वायरचं भेंडोळं.
सगळे त्यांना मामा म्हणतात.
पुढे कुणालाच माहीत नाही.
'कापून टाकू का? एका मिनिटाचं काम,' ओवेस म्हणाला.
सरांनी खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिलं.
साडेपाच वाजले होते.

मामा सभागृहात खुर्च्या एकात एक घालत होते.
'तुमचं पूर्ण नाव काय?'
त्यांनी आधी हातातली खुर्ची खाली ठेवली,
शर्ट खाली ओढला,
जणू फोटो आत्ता निघतोय.
'शिवराम गेनबा ढमढेरे. राहणार तळेगाव.
गावाचं नाव नका टाकू, ताई. ओळ लांबंल.'

येताना रस्ताभर मी वाक्य जुळवत होते:
त्यांच्या हातातली वायर निसटली असती
तर ही संध्याकाळ मुकी राहिली असती, असं काहीसं.
सरांनी वाचलं, मान हलवली,
आणि सगळं खोडून लिहिलं:
'डावीकडून चौथे शिवराम ढमढेरे. माईकची वायर त्यांच्या हातात.'
मी म्हटलं, फारच कोरडं वाटतंय.
ते म्हणाले, 'वाटू दे.'

सात वाजून दहा मिनिटांनी पानं गेली.

अंक आला. सहाशे प्रती, शाईचा ताजा वास.
पान सत्तेचाळीस उघडलं:
'शिवराम ढमढरे'.
एक मात्रा गळाली होती.
करंज बरोबर, हर्षाली बरोबर,
पाहुण्या बाईंच्या तिन्ही पदव्या बरोबर.

मामांना दाखवायला नेलं.
त्यांनी बोट ठेवून नाव वाचलं, दोनदा.
'मात्राच राहिली की फक्त. चालतंय.'
आणि अंक पिशवीत घातला, घडी पडू न देता.

मग मी ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर
काळं पेन घेऊन बसले.
दोनशे अकरा प्रतींच्या 'ढ'वर
बारीक, तिरकी, एकेक रेघ.
ती छापल्यासारखी दिसत नाही.
बाकीचे अंक तोवर
वाटले गेले होते.