नदी डाव्या हाताला

चार वर्षं आम्ही एकमेकांना रस्ते सांगत होतो.
कुठल्या घाटातली गाडी पहाटे सव्वाचारला सुटते,
कुठे उकडलेली अंडी आदल्या रात्रीच घेऊन ठेवावीत,
कुठल्या गावात सुटे पैसे मिळतच नाहीत.
आवाज ऐकला नव्हता. चेहरा तर नाहीच.

ती माझगावच्या थांब्यावर उतरली
तेव्हा पाठीवरची पिशवी एवढीशी,
जणू कोपऱ्यावरून जिरं आणायला निघालीय.
करुणा खोब्रागडे, बल्लारपूर.
कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत लगदा तपासते,
वर्षभर रजा साठवते कुणी दागिने साठवावेत तशी.
पहाटे तीनला गुवाहाटीचं विमान.
"हॉटेलात नको नं," म्हणाली, "एखादी उंच जागा दाखवा."

आया नऊला निघते. मी घड्याळ पाहिलं.

भंडारवाड्याची टेकडी माझ्या घरापासून अकरा मिनिटांवर,
हे मी कितीजणांना लिहून कळवलंय.
पायऱ्या मोजत चढलो, दोनदा थांबलो,
ती थांबली नाही, वर जाऊन वाट पाहत राहिली.
बागेच्या पोटात पाण्याची टाकी आहे, मी सांगितलं,
आपण आत्ता पाण्यावर बसलोय.
तिने चप्पल काढून तळवा जमिनीवर ठेवला,
ताप बघावा तसा.

खाली गोदीतल्या क्रेन, एक करडं जहाज,
पलीकडे कसलेतरी दिवे. "ते कुठले?"
मला माहीत नव्हतं.
खिमा पॅटिसचा कागद तेलकट झाला होता.
त्याची घडी करत करत, चार वेळा, पाच वेळा,
मी म्हणालो, मी स्पितीला गेलेलो नाही.
मुनस्यारीलाही नाही. कुठेच.
तिकीट काढलं होतं त्याच आठवड्यात बाबांना झटका आला.
मग नकाशे वाचत गेलो,
गाड्यांच्या वेळा पाठ केल्या,
आया आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यामधल्या वेळात
लोकांना उत्तरं देत गेलो.

तिने बोटाला लागलेला खिमा चाटला.
"मले माहीत होतं."

"तुम्ही लिहिलं होतं, काझा येईपर्यंत
नदी उजव्या हाताला ठेवा.
नदी डावीकडं हाय.
मी अर्धा तास खडकाकडे पाहत बसली,
म्हटलं, आता येईल, मग येईल."

नकाशा उलटा धरला असणार मी.
की काझ्याहून परत येत होतो, मनातल्या मनात?
हसू तिलाच आधी आलं.
"कुणाला सांगितलं नाही," म्हणाली, "काहून सांगू?
तिसरं पांघरूण मागून घ्या, लाजू नका,
हेही तुम्हीच लिहिलं होतं.
त्या रात्री बादलीतलं पाणी गोठलं.
मी मागितलं. म्हणून तर बसली इथं."

ते पांघरूण बाबांचं होतं.
त्यांना रात्री थंडी वाजते आणि ते मागत नाहीत.
हे मी तिला सांगितलं नाही.
सांगितलं असतं, पण जहाजाने भोंगा दिला,
आणि पावणेनऊ झाले होते.

उतरताना तिने विचारलं, "तुमचं घर कुठल्या हाताला?"
मी उजवा म्हणालो,
मग थांबून वळून पाहिलं.
ती काही बोलली नाही. टॅक्सीत बसताना
मोहफुलांच्या लाडवांचा डबा दिला. "डबा ठेवून घ्या,
नाही तर द्यायला या."

आया दारात चपला घालूनच उभी. नऊ दहा.
"बाबा झोपले नाहीत," एवढंच तोडून बोलली.
मी लाडवाचा कण त्यांच्या जिभेवर ठेवला.
बराच वेळ घोळवला त्यांनी.
शब्द त्यांच्याकडे चारपाचच उरलेत, त्यातला एक काढला:
"कुठला?"

बल्लारपूरचा, म्हटलं.
आणि चादर ओढता ओढता रस्ता सांगू लागलो,
वर्ध्याहून पुढे, चंद्रपूर मागे टाकून,
मग एक नदी लागते, बाबा,
कुठल्या हाताला ते मात्र
तिला विचारून सांगतो.